मुस्तफाची बाजू

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि निमित्त भांडणाचं आहे. भांडण घरचंच आहे, त्यामुळे घरचे वाचणार हे गृहीत धरूनच लिहितोय. दादा, तू पुण्यात बसून वाचशीलच. वाच आणि मग फोन कर.

झालं असं की गणपतीत सगळे कोल्हापुरात जमलो होतो. आरती झाली, जेवणं झाली, बायका मागं आवराआवर करत होत्या आणि बाप्ये नेहमीप्रमाणे सोफ्यावर पसरले होते. माझी नऊ वर्षांची लेक आणि आक्काचा तेरा वर्षांचा मुलगा माझ्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले होते. दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर. पडद्यावर दोन आदिमानव, एकाचे केस हिरवे, दुसऱ्याचे निळे, आणि समोर भला मोठा डायनोसॉर. आरडाओरडा चालू होता.

दादा म्हणाला, "याच पडद्यानं आपली एक पिढी वाया घालवली. आता तू पुढची घालव."

मोठे काका लगेच, "आम्ही तालमीत जात होतो. यांनी बोटं हलवली, दुसरं काय केलं?"

मी गप्प बसलो. काकांसमोर आवाज चढवायची आमच्याकडे पद्धत नाही. शिवाय दादाला तोंडी वादात हरवणं कुणालाच जमलेलं नाही. पण त्याच आठवड्यात माझ्या एका लिहित्या मित्रानं फोनवर दुसऱ्या बाजूनं टोला हाणला. "तुमचे ते जुने गेम म्हणजे निव्वळ स्मरणरंजन रे. चित्रं खराब, गोष्ट शून्य. तुम्हाला तुमचं लहानपण आवडतं, गेम नाही."

म्हणजे एकजण म्हणतो ते विष होतं आणि दुसरा म्हणतो ते काहीच नव्हतं. मला दोन्ही मान्य नाही. म्हणून हा पसारा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नव्वदच्या दशकात मिरजकर तिकटीच्या पुढं एका बोळात एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे काय, पत्र्याची खोली, चार यंत्रं, एक पंखा, तोही मालकाच्या दिशेला वळवलेला. एक रुपयाला एक डाव. त्यातल्या एका यंत्रापुढे कायम गर्दी असायची. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला. पण हे नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्यासाठी तो 'मुस्तफा' होता. फक्त कोल्हापुरात नाही, भारतभर तो मुस्तफाच होता. मुंबईचा, नागपूरचा, हैदराबादचा माझ्या वयाचा माणूस भेटला आणि मुस्तफा म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. करून बघा.

चार पात्रं होती. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. जॅक सगळ्यात मध्यम, हॅना हत्यारं चालवण्यात तरबेज, मेस अंगानं दांडगा आणि मुस्तफा चपळ. पिवळी टोपी घातलेला आणि पळत येऊन लाथ घालणारा. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकमधली, ते १९८७ पासून निघत होतं. त्यात काळ भविष्यातला आहे. पृथ्वीची वाट लागून गेल्यावर डायनोसॉर परत आलेत, आणि काही चोरटे त्यांची शिकार करतायत. नायक त्या चोरट्यांना बडवतात. म्हणजे आम्ही जे काही हाणामारी करत होतो ती डायनोसॉर वाचवण्यासाठी होती. हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं! इंग्रजी कोण वाचणार? मराठी शाळेतली पोरं आम्ही. मधेमधे पडद्यावर अक्षरं आली की बटणं बडवून ती घालवायची एवढंच माहीत.

लॅपटॉपवर पोरं खेळत होती तो खेळ दुसरा. 'जो अँड मॅक', डेटा ईस्ट या जपानी कंपनीचा, १९९१ चा. मुस्तफात आपण सरळ चालत जाऊन मारामारी करतो, यात उड्या मारत दगडावरून दगडावर जायचं. पण जात एकच. हाडं, दगडी चाक, मांसाचे तुकडे, डायनोसॉर आणि एका पडद्यावर दोघांनी मिळून खेळायचं. मुस्तफा घरच्या यंत्रांवर अधिकृतपणे कधी आलाच नाही, त्यामुळे पोरांना तो रीतसर विकत घेऊन देता येत नाही. म्हणून हा.

आता दादाचा मुद्दा. वाया गेलेली पिढी.

दादा, मान्य करतो, त्या खेळांची रचनाच पैसे काढायची होती. यंत्रात नाणं टाकल्यावर पोरगं तासभर टिकलं तर मालक उपाशी मरेल. म्हणून पहिला टप्पा सोपा, मग अचानक अवघड, आणि मेल्यावर पडद्यावर उलटी मोजणी. दहा, नऊ, आठ... ती मोजणी म्हणजे खिशात घातलेला हात होता. आईनं कोथिंबिरीसाठी दिलेले पैसे मी तिथं घातलेत आणि त्यासाठी मारही खाल्लाय. आणखी एक मान्य करतो. आपल्याकडची बरीचशी यंत्रं नकली बोर्डांवर चालायची. शिल्पकाराला त्यातला रुपया पोचला नाही. हे सगळं खरं.

पण 'पडदा' हा एकच शब्द वापरून तू दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतोस. गणपतीत त्या खोलीत किती पडदे होते मोजलेस का? मी मोजले. सात माणसं आणि सहा मोबाईल. तुझाही त्यात होता. प्रत्येकजण आपापल्या पडद्यात. फक्त त्या दोन पोरांच्यात मिळून एक पडदा होता, आणि त्या अख्ख्या खोलीत एकमेकांशी बोलत होती तीही फक्त तीच दोघं. "मागं सर!" "ते मांस तू खा, मला गरज नाही." "अगं थांब, मला येऊ दे!" आणि तू बोट दाखवलंस ते नेमकं त्यांच्याकडे.

यातलं "थांब, मला येऊ दे" फार महत्त्वाचं आहे. तेच या खेळांचं मर्म आहे असं माझं म्हणणं आहे.

या खेळांत दोघांना मिळून पडदा एकच असतो. पुढचा खेळाडू कितीही जोरात पळाला तरी मागचा काठावर अडकलेला असेल तर पडदा पुढं सरकतच नाही. तुम्ही कितीही शूर असा, उजव्या कडेला भिंतीला धडकल्यासारखे उभे राहता. मागच्याची वाट बघावी लागते. तो हळू असेल, नवखा असेल, त्याला उडी जमत नसेल, तरी वाट बघावी लागते. शिकवावं लागतं. नाहीतर दोघंही तिथंच. 'सहकार्य करा' असं कुठं लिहिलेलं नाही. पडद्याची रुंदीच तशी ठेवलेली आहे.

आणि काका, तुमच्या तालमीबद्दल मला आदरच आहे. पण तालीम म्हणजे तरी काय हो? जोर-बैठका माणूस घरीही काढू शकतो. लाल मातीत उतरायचं ते जोडीसाठी. जोड असल्याशिवाय पैलवान तयार होत नाही हे तुम्हीच सांगता. त्यानं तुम्हाला आपटायचं, तुम्ही त्याला, आणि मग दोघांनी मिळून माती झाडायची. त्या पत्र्याच्या खोलीत आमच्या दंडात बेटक्या आल्या नाहीत हे कबूल. पण खांद्याला खांदा लागल्याशिवाय डाव होत नव्हता. तीन माणसं एका यंत्रापुढं दाटीवाटीनं उभी राहायची. घामाचा वास, वड्याचा वास, आणि शेजारच्याचं कोपर बरगडीत. हल्लीच्या खेळांत पन्नास माणसं एका वेळी खेळतात म्हणे, पण एकाचंही कोपर लागत नाही.

आता मित्राचा मुद्दा. स्मरणरंजन.

हा मुद्दा जास्त टोकदार आहे, कारण त्यात तथ्य आहे. मला मुस्तफा आठवतो तेव्हा पार्लरचा अंधार, जुनी सायकल, हे सगळंच आठवतं. त्यातलं खेळाचं किती आणि बाराव्या वर्षाचं किती हे मलाच सांगता येणार नाही. म्हणून मी साक्षीदार बदलतो. माझ्या लेकीला नव्वदचं दशक माहीत नाही. तिला त्या चित्रांत काही जुनं वाटत नाही, ती त्यांना 'चौकोनी' म्हणते. मग ती का खेळते?

पहिल्या दिवशीची गंमत सांगतो. 'जो अँड मॅक'च्या सुपर निन्टेन्डोवरच्या आवृत्तीत दोघांनी खेळायचे दोन प्रकार आहेत. एक साधा. दुसऱ्याच्या नावात 'सुपर' आहे, आणि त्यात तुमचं हत्यार तुमच्याच जोडीदारालाही लागतं. पोरांनी अर्थातच 'सुपर' निवडला, नाव भारी ना. पाच मिनिटांत डायनोसॉर राहिला बाजूला आणि दोघांनी एकमेकांना हाडांनी बडवून संपवलं. रडारड. लेक आत निघून गेली. अर्ध्या तासानं भाचा तिला बोलवायला गेला, कारण एकट्याला मजा येईना. मग दोघांनी परत काय निवडलं असेल? साधा प्रकार? नाही! परत 'सुपर'च. पण या वेळी आधी ठरवून. तू वर मार, मी खाली मारतो. आता त्यांना एकमेकांचं लागू शकत होतं आणि ते लागू देत नव्हते. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

ज्या खेळात एकमेकांना मारताच येत नाही तिथं न मारण्यात काय मोठेपणा? हे तेरा आणि नऊ वर्षांच्या पोरांना कळलं. हे त्यांच्या लहानपणाचं स्मरणरंजन नव्हे, कारण त्यांचं लहानपण अजून चालू आहे :-)

आणि तो आदिमानवच का, हाही प्रश्न आहे. मित्र म्हणतो गोष्ट शून्य. अरे, म्हणूनच तर! शिक्षकमंडळी तक्रार करतील की डायनोसॉर आणि माणूस कधी एकत्र नव्हतेच. बरोबर आहे. डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले आणि आपल्यासारखा माणूस फार तर तीन लाख वर्षांपूर्वीचा. आपला पन्हाळा ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो दख्खनचा लाव्हाही त्या डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं आणि दगड झालेली विष्ठासुद्धा सापडली आहे. हे मी लेकीला सांगितलं आणि विष्ठेचं ऐकून ती जी खूश झाली की विचारू नका. म्हणजे खोट्या इतिहासाच्या खेळानं खऱ्या इतिहासाचं दार उघडलं, ते पुस्तकातल्या धड्यानं उघडलं नसतं.

पण खरं कारण वेगळं आहे. जो आणि मॅक यांना आडनाव नाही. त्यांच्यात फरक काय, तर एकाचे केस हिरवे आणि दुसऱ्याचे निळे. त्यांना भाषा नाही, गाव नाही, पेठ नाही, तालीम नाही. भूक आहे आणि समोर मोठं जनावर आहे. आमच्या कोल्हापुरात माणूस भेटला की तीन मिनिटांत आडनाव, पेठ आणि फुटबॉलला कुणाच्या बाजूचा हे विचारून होतं. त्या पत्र्याच्या खोलीत कुणी विचारत नव्हतं. तिथं प्रश्न एकच, "मुस्तफा कोण घेणार?"

आणि त्यावरून भांडणं व्हायची. शिवाजी पेठेतली पोरं, मंगळवारातली पोरं, गळ्यात काळा दोरा आणि कपाळाला गंध लावलेली पोरं "मीच मुस्तफा" म्हणून एकमेकांच्या शर्टाला धरायची. नावाचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. माझा त्या वेळचा जोडीदार मुसलमान होता. तो नेहमी जॅक घ्यायचा, कारण मी मुस्तफा सोडत नव्हतो. या वाक्यातला विनोद आम्हाला तीस वर्षांनी कळला.

इथं थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण मग दादा म्हणाला असता, बघा, गेम खेळून माणसं चांगली होतात म्हणतोय. मी तसं म्हणत नाही. म्हणता येणार नाही, आणि ते मलाच पक्कं माहीत आहे.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. माझ्या त्या जोडीदाराचं छोटं दुकान आहे. त्याला काही झालं नाही, पण शटर काही दिवस खाली होतं. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. फोन चालू होते, फक्त इंटरनेट बंद होतं. मी स्वतःला सांगितलं की नेट नाही. आठ दिवसांनी गेलो तेव्हा त्यानं चहा मागवला. मी म्हटलं, यायचं राहून गेलं. तो म्हणाला, "असूदे. तू पुढं होतास." बाकी काही नाही. मग दुकानात गिऱ्हाईक आलं.

तो सहज बोलला की मुद्दाम, मला आजही माहीत नाही. पार्लरमध्ये आम्ही हेच ओरडायचो. पुढं गेलेल्याला, मागच्यानं. "पुढं हाईस! थांब!"

म्हणून सांगतो, खेळानं मला चांगला माणूस केलं नाही. खेळ हे काम करतच नाही. तालीमही करत नाही, काका, नाहीतर त्या दिवशी चौकात जोर-बैठका काढणारं कुणी दिसलं नसतं. खेळ एवढंच करतो की मागचा मागं राहिला की पुढच्याला अडकवून ठेवतो. बाहेर तसं कुणी अडकवत नाही. बाहेर पडदा खुशाल सरकतो, आणि मागचा कधी काठाबाहेर गेला हे आपल्याला कळतही नाही. म्हणून बाहेर आपणच आठवण ठेवायला लागते. मला ठेवता आली नाही. पण काय चुकलं हे त्यानं एका वाक्यात सांगितलं आणि मला ते एका वाक्यात कळलं, कारण ती भाषा आम्ही दोघं एका पत्र्याच्या खोलीत शिकलो होतो. दादा, हे तू 'वाया' मध्ये धरतोस की कशात?

आता शेवटचा आणि सगळ्यात खरा आक्षेप. तो दादाचा नाही, मित्राचाही नाही. तो आक्काचा.

हे सगळं मी तिला तावातावानं सांगत होतो. खांद्याला खांदा, आडनाव नाही, जात नाही वगैरे. ती भांडी पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "व्हय रे, सगळ्यास्नी येऊ देत हुतासा. मी एकदा दारापातूर आलो हुतो, आईनं तुला बोलवाय धाडलंतं. तू काय म्हनलास? आत येऊ नको, पोरी येत नाईत हितं."

(आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.)

मला ते आठवत नव्हतं. तिला तीस वर्षं आठवत होतं. खेळात हॅना होती, हत्यारं चालवण्यात सगळ्यांत पटाईत. कॅपकॉमच्या लोकांनी १९९३ साली चारातली एक बाई ठेवली होती. आणि 'जो अँड मॅक'मध्ये बायका काय करतात? पळवून नेल्या जातात आणि त्यांना सोडवायचं असतं. म्हणजे त्या बाबतीत मुस्तफा बराच पुढचा. पण आम्ही दारातच पाटी लावली होती. पडदा सगळ्यांचा असं मी वर लिहिलं, ते अर्ध्या जगापुरतं खोटं आहे. दुरुस्त करतो.

तर माझं म्हणणं थोडक्यात. या खेळांचं आकर्षण चित्रांत नाही, डायनोसॉरांतही फारसं नाही आणि आपल्या बारा वर्षांच्या वयात तर नाहीच. ते आहे एका अरुंद पडद्यात, जिथं दुसऱ्याला सोडून पुढं जाता येत नाही. असे पडदे कमी झालेत. ज्याला मुलांची काळजी आहे त्यानं पडदे फोडू नयेत, एकच ठेवावा आणि शेजारी बसावं. दादा, दिवाळीला येशील तेव्हा तुझा मोबाईल दारात चपलांजवळ ठेव. दुसरा कंट्रोलर तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तू हळू खेळशील हे सगळ्यांना माहीत आहे. पोरं थांबतील, त्यांना सवय आहे.

असो. बाकी भांडण दिवाळीत.

ता. क. : हे लिहून झाल्यावर आक्काला खेळायला बसवलं. मुस्तफा एका ओळखीच्याच्या जुन्या यंत्रावर अजून चालतो, तिथं घेऊन गेलो. सोबत दुकानवाल्या मित्रालाही बोलावलं, तो आला. तिघांना एकदम खेळता येतं. मी मोठ्या मनानं आक्काला म्हटलं, हॅना घे, ती तुझी. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "त्यो पिवळ्या टोपीवाला पळतोय न्हवं? त्योच घेतो." मित्रानं नेहमीसारखा जॅक घेतला. मग उरली हॅना. तिसऱ्या टप्प्यात मोटार मिळते, तिथपर्यंतही आम्ही पोचलो नाही, पण मी हत्यारं बरी चालवतो असं दोघांचं मत पडलं.